कुटुमसरचा काळोख

गुहा हा शब्द उच्चारताच मराठी माणसाच्या मनात प्रथम उभे राहते ते लेणे. अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे, घारापुरी ही नावे आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत की, डोंगराच्या पोटात पोकळी असेल तर ती कोणीतरी छिन्नी-हातोड्याने कोरलेलीच असणार, असे आपण नकळत गृहीत धरतो. डोंगरातल्या लेण्याचा शब्द संस्कृत ‘लयन’ यावरून आला असे व्युत्पत्तिकार सांगतात आणि अंगावरच्या लेण्याशी त्याचा संबंध नाही असेही बजावतात. परंतु बोलणाऱ्याच्या मनात दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेले आहेत, आणि ते स्वाभाविकच आहे. डोंगराने अंगावर घातलेला दागिना, तो माणसाने घडवलेला, असा काहीसा भाव त्या शब्दात आहे.

माणसाचा हात न लागता, निव्वळ पाण्याने कोरलेली गुहा मात्र सह्याद्रीच्या मुलखात क्वचितच दृष्टीस पडते. याचे कारण आपल्या पायांखालच्या दगडात आहे. महाराष्ट्राचा बहुतेक प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून वर आलेल्या आणि थरावर थर रचत थिजलेल्या लाव्ह्याचा बनलेला आहे. हा काळा दगड पाण्याने झिजतो, फुटतो, त्याची माती होते; पण तो साखरेसारखा विरघळत नाही. विरघळणारा दगड निराळा. तो चुनखडक. आपल्याकडे चंद्रपूर-यवतमाळच्या बाजूला तो आढळतो, पण तिथे त्याची ओळख गुहांपेक्षा सिमेंटच्या कारखान्यांमुळे अधिक. खऱ्या अर्थाने भूमिगत म्हणावी अशी गुहा पाहायची असेल तर मराठी माणसाला आपल्या सीमेबाहेर पडावे लागते. पूर्वेला मेघालयात खासी आणि जयंतिया टेकड्यांखाली मैलच्या मैल पसरलेली भुयारे आहेत. त्यांतील एका भुयाराची मोजलेली लांबी तीस किलोमीटरांहून अधिक भरते. आंध्र प्रदेशात विशाखापट्टणमजवळच्या डोंगरांत बोर्रा आहे, आणि रायलसीमेच्या सपाट शेतांखाली बेलूम आहे. या बेलूमचे नाव ‘बिलम्’ या शब्दावरून पडले असे सांगतात. तोच आपला बीळ. उंदराच्या घरापासून तीन किलोमीटरांच्या गुहेपर्यंत एकच शब्द पुरावा, याची मला मोठी गंमत वाटते.

आज मी ज्या गुहेविषयी बोलणार आहे ती यांतल्या मोठ्या गुहांहून पुष्कळ लहान आहे. लांबीच्या हिशेबात तिला कोणी पहिल्या पंक्तीला बसवणार नाही. छत्तीसगडात, बस्तरच्या जंगलात, जगदलपूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर कांगेर खोऱ्याचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९८२ साली त्याची घोषणा झाली. क्षेत्रफळ सुमारे दोनशे चौरस किलोमीटर. मार्च २०२५ मध्ये जागतिक वारशासाठीच्या भारताच्या संभाव्य यादीत त्याचे नाव दाखल झाले. या उद्यानात साल आणि सागवानाच्या जंगलाखाली चुनखडकाचा एक पट्टा आहे आणि त्या पट्ट्यात कुटुमसर, कैलास, दंडक अशा गुहा आहेत. त्यांपैकी कुटुमसरची गुहा आम्ही उभयतांनी एका दिवसात पाहिली.

‘आम्ही उभयता’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो. सरकारी नोकराच्या आयुष्यात सुटी असते, पण ती बहुधा एकट्याची असते. माझी पत्नी शाळेत जीवशास्त्र शिकवते. तिला सुटी असते तेव्हा माझ्याकडे वर्षअखेरीचे हिशेब असतात, आणि मला एखादा मोकळा दिवस सापडतो तेव्हा तिच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असतो. गेल्या फेब्रुवारीत कामानिमित्त मला बस्तरला जावे लागले. काम आदल्या दिवशी उरकले, आणि योगायोगाने तिला त्या आठवड्यात रजा मिळाली होती. “एकच दिवस आहे. धबधबा बघायचा की गुहा?” असे मी विचारले. “धबधबा कुठेही बघता येईल. आंधळा मासा कुठे बघायला मिळणार?” असे तिने उत्तर दिले. या उत्तरात त्या दिवसाचा सारा कार्यक्रम ठरून गेला.

बस्तर आपल्याला वाटते तितके परके नाही, हे तिथे गेल्यावर कळते. नागपूरकर भोसल्यांची मांडलिकी या संस्थानाने पत्करली होती, हा झाला इतिहास. पण कानाला जाणवते ती हलबी. या मुलखात निरनिराळ्या जमाती एकमेकींशी बोलताना ही भाषा वापरतात. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात हलबीला मराठीच्या खंडात जागा दिली होती. पुढच्या अभ्यासकांनी तिचे नाते ओडिया आणि छत्तीसगडी यांच्याशीही जोडले. पण तिच्या भूतकाळी क्रियापदांतला ‘ल’ ऐकला की मराठी माणूस क्षणभर थबकतोच. आमचा वाटाड्या धुरवा जमातीतला तरुण होता. घरी तो धुरवी बोले, बाजारात हलबी आणि आमच्याशी हिंदी. आणि आम्ही दोघे आपसांत मराठीत बोललो तर त्यातले अर्धे त्याला समजत होते, हे आमच्या जरा उशिराच ध्यानात आले.

उद्यानाच्या नाक्यावर परवाना घ्यावा लागतो आणि वाटाड्याशिवाय आत जाऊ देत नाहीत. गुहेचे तोंड पाहून प्रथमदर्शनी निराशाच होते. अजिंठ्याच्या भव्य कमानी ज्याने पाहिल्या आहेत त्याला हे दार म्हणजे डोंगराच्या अंगावरची एक उभी चीर वाटावी. तिथून लोखंडी पायऱ्यांनी अंग चोरून खाली उतरावे लागते. उतरताना एका ठिकाणी अंग आडवे करून, पाठ एका भिंतीला आणि छाती दुसरीला लावून सरकावे लागते. माझ्या वयाच्या आणि कचेरीत बसून वाढलेल्या पोटाच्या माणसाला तो प्रसंग काहीसा विचार करायला लावणारा आहे. पत्नी पुढे होती. खालून तिचा आवाज आला, “अहो, श्वास सोडा म्हणजे याल!” सल्ला शास्त्रशुद्ध होता.

आत पोचल्यावर सर्वांत आधी जाणवते ती हवा. फेब्रुवारीच्या सकाळी वरच्या जंगलात गारठा होता. खाली मात्र उबदार आणि इतके दमट की चष्म्याच्या काचा धुरकटल्या. खोल गुहेतले तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर राहते आणि ते बाहेरच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असते. डोंगराचा जाड दगड ऋतूंचे चढउतार आत पोचू देत नाही. म्हणून गुहा उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार भासते. वस्तुतः बदलतो तो बाहेरून येणारा माणूस.

आता ही गुहा झाली कशी, ते सांगायला हवे. कांगेरचा चुनखडक फार जुना आहे. शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा, असे भूशास्त्रज्ञ मानतात. या जागी तेव्हा समुद्र होता. एरवी चुनखडक म्हटला की त्यात शंख-शिंपल्यांचे अवशेष शोधण्याची आपल्याला सवय असते; इथे ते सापडायचे नाहीत, कारण कवच धारण करणारे प्राणीच त्या काळी पृथ्वीवर अवतरले नव्हते. हा तळाशी साचलेला चुना पुढे दगड झाला, वर उचलला गेला, त्याला भेगा पडल्या, आणि त्या भेगांतून पावसाचे पाणी झिरपू लागले. निव्वळ पाण्याने चुनखडक फारसा विरघळत नाही. परंतु पाऊस हवेतून येताना थोडा आणि जंगलातल्या मातीतून मुरताना पुष्कळच कार्बन डायॉक्साइड वायू आपल्यात घेतो. झाडांची मुळे आणि कुजणारा पाचोळा यांमुळे मातीतल्या हवेत हा वायू कितीतरी पट अधिक असतो. असे पाणी किंचित आम्ल बनते. आपण पितो त्या सोडावॉटरची ही फार सौम्य आवृत्ती समजावी. हे सौम्य आम्ल दगडातला चुना विरघळवून आपल्याबरोबर नेते. एका पावसाळ्यात काहीच दिसत नाही. हजारो पावसाळ्यांत भेगेची फट होते, फटीची वाट, आणि वाटेचे दालन. म्हणजे गुहेच्या जन्माला वरचे जंगल साक्षी असते, इतकेच नव्हे, तर ते कारणही असते. जंगल तोडले तर खालच्या गुहेचे काय होईल, हा प्रश्न म्हणूनच अगदीच कवीचा नाही.

याच्या उलट क्रिया गुहेच्या छतापाशी घडते. चुना घेऊन आलेला थेंब छताला लोंबतो. गुहेच्या हवेत त्या थेंबातल्यापेक्षा वायू कमी असतो. म्हणून बाटलीचे बूच काढल्यावर सोड्यातला वायू निघून जावा तसा तो थेंबातून निसटतो. वायू गेला की चुना पाण्यात राहू शकत नाही. थेंब खाली पडण्यापूर्वी आपल्या कडेला चुन्याचे एक अदृश्यप्राय कडे ठेवून जातो. पुढचा थेंब त्यावर दुसरे कडे ठेवतो. अशी कड्यांवर कडी चढून प्रथम एक पोकळ नळी तयार होते, थेंबाएवढ्याच जाडीची. पुढे ती बुजते, आणि बाहेरून पुटे चढत जाऊन तिचा खाली लोंबणारा सुळका होतो. खाली पडलेला थेंब फुटतो आणि उरलेला चुना जमिनीवर ठेवतो. तिथून दुसरा सुळका वर येऊ लागतो. आपल्या शालेय पुस्तकांनी यांना अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ अशी भारदस्त नावे दिली आहेत. ‘लवण’ म्हणजे इथे मीठ नव्हे, क्षार. पण हे न सांगितल्यास मुले स्तंभ चाटून पाहतात, असे पत्नीने मला सांगितले. ज्यांच्या घरी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता त्यांना या क्रियेचा खरा परिचय आहे. विहिरीचे जड पाणी तापवून तापवून बंबाच्या आत जे पांढरे पुट चढते, आणि जे काढता काढता आजीचे हात दुखत, ते आणि हा लवणस्तंभ एकाच कुळातले. फरक इतकाच की बंबात हे काम विस्तव करतो आणि म्हणून ते वर्षाभरात दिसते. गुहेत एका वर्षाला एक दशांश मिलिमीटर वाढ झाली तरी ती बरी म्हणायची. पुष्कळदा त्याहूनही कमी होते. या मापाने माझ्या उंचीचा स्तंभ घडायला सतरा हजार वर्षे लागतात.

कुटुमसरमध्ये असे स्तंभ जागोजाग आहेत. कुठे पडद्याच्या चुण्या, कुठे झुंबर, कुठे वर-खालचे सुळके एकमेकांना मिळून झालेला अखंड खांब. विजेरीचा झोत पडला की ओल्या चुन्यावर बारीक चमक खेळते. वाटाड्या प्रत्येक आकृतीला नाव देत होता. हा हत्ती, हा ऋषी, ही जटा. अशी नावे देण्याची मला फारशी हौस नाही. दगडाला दगड म्हणूनच पाहावे असे माझे मत. पण गुहेच्या आत एका ऊर्ध्वमुखी स्तंभाला शिवलिंग मानून त्याची पूजा होते, तिथे पोचल्यावर मी हा वाद मनातच ठेवला. वरून संततधार नव्हे, पण थेंब थेंब अभिषेक चालू असलेले आणि स्वतःच वाढत जाणारे लिंग पाहून कोणाच्याही मनात भाव उत्पन्न होणे साहजिक आहे.

त्या जागेपासून थोडे अलीकडे आम्ही वाटाड्याला विजेऱ्या मालवायला सांगितले. शहरात राहणाऱ्याला अंधार ठाऊक नसतो. खेड्यातल्या अमावास्येलाही चांदण्या असतात आणि थोड्या वेळाने डोळा सरावतो. इथे डोळा सरावत नाही, कारण सरावण्याजोगा एकही किरण नसतो. हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसत नाही, आणि मन मात्र हात दिसल्याचा भास करून देते. मग कान जागे होतात. एक थेंब जवळ, एक लांब, एक कुठेतरी पाण्यात. प्रत्येकाची वेळ निराळी. आम्ही किती वेळ उभे होतो सांगता येणार नाही. पत्नीने माझी बाही धरली होती. वीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकत्र, काहीही न बोलता आणि काहीही न करता उभे राहण्याचे प्रसंग किती आले असतील, याचा हिशेब मी त्या काळोखात करू लागलो, आणि तो फार लवकर संपला.

विजेरी पुन्हा लागली ती एका उथळ डबक्यावर. आणि तिथे ती होती. बोटाच्या दोन पेरांएवढी, फिकट, गुलाबीसर झाक असलेली मासोळी. तोंडाशी आखूड मिशा. डोळ्यांच्या जागी काळ्या ठिपक्याची नुसती आठवण.

या मासोळीची कथा मराठी श्रोत्यांनी विशेष लक्ष देऊन ऐकावी अशी आहे, कारण ती पुण्यात सुरू होते. १८७२ साली भारतातल्या माशांचे थोर अभ्यासक फ्रान्सिस डे यांनी पुण्याच्या एका लहानशा, मिशाळ, तळाशी राहणाऱ्या माशाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. तो मासा त्यांच्यासाठी जमवणाऱ्या एव्हेझार्ड नावाच्या लष्करी अधिकाऱ्यावरून त्याला ‘एव्हेझार्डी’ हे नाव मिळाले. दख्खनच्या ओढ्या-नद्यांत तो आढळतो. त्याला डोळे आहेत, अंगावर गर्द पट्टे आहेत. १९५० नंतरच्या दशकात डॉ. शंकर तिवारी या भूगोलाच्या अभ्यासकाने कुटुमसरच्या गुहेत शिरून तिची शास्त्रीय माहिती जगापुढे ठेवली. गावकऱ्यांना गुहा पूर्वीपासून माहीत होतीच. ‘शोध’ हा शब्द अशा ठिकाणी जपून वापरावा. पुढे तिथल्या आंधळ्या मासोळीची तपासणी झाली, तेव्हा ती कोणी अपूर्व जात नसून त्याच एव्हेझार्डी कुळातली, काळोखात राहून पालटलेली निघाली. डॉ. तिवारींचे नाव मात्र गुहेतल्या दुसऱ्या एका जिवाला मिळाले. लांब मिशांचा एक रातकिडा तिथे भिंतींवर असतो. १९७७ साली त्याचे वर्णन झाले आणि ‘शंकरी’ हे नाव त्याला पडले. प्रवाशांसाठी लिहिलेल्या पुष्कळ माहितीपत्रांत हे नाव माशाला चिकटवलेले आढळते. माशाला त्याची खंत नसावी.

डोळे का जातात? साधे उत्तर असे दिले जाते की वापरले नाहीत म्हणून गेले. हे उत्तर पटण्याजोगे वाटते, पण ते पुरेसे नाही. लोहाराच्या मुलाला जन्मतःच बळकट दंड नसतात. बापाचे कमावलेले वा गमावलेले मुलाकडे तसे उतरत नाही. शास्त्र जे सांगते ते असे. प्रत्येक पिढीत काही पिलांच्या घडणीत लहानसहान बिघाड उपजतात. उजेडात डोळ्याचा बिघाड असलेले पिलू भक्ष्य गमावते, स्वतः भक्ष्य होते, आणि त्याचा वंश खुंटतो. काळोखात डोळस आणि अंध यांत फरक उरत नाही, म्हणून बिघाड टिकून राहतात. दुसरे कारण याहून महत्त्वाचे असावे. डोळा आणि त्याच्यामागचा मेंदूचा भाग हे फार खर्चिक अवयव आहेत. शरीराने कमावलेल्या शक्तीचा मोठा वाटा ते खातात. गुहेत अन्नाचे दुर्भिक्ष. सूर्यप्रकाश नाही म्हणजे हिरवी वनस्पती नाही. पुराबरोबर वाहून आलेला पाचोळा, वटवाघळांची विष्ठा, यांवर सारी वस्ती जगते. अशा घरात ज्याने निरुपयोगी नोकर कमी केला तो तरला. मेक्सिकोच्या गुहांतल्या आंधळ्या माशांवर या दृष्टीने पुष्कळ संशोधन झाले आहे. त्यात असेही दिसले की, ज्या जनुकांच्या जोरावर जबडा आणि चव ओळखण्याची इंद्रिये वाढतात त्यांच्याच परिणामाने डोळ्याची वाढ खुंटते. म्हणजे नुसते गमावणे नव्हे, त्यात अदलाबदलही आहे.

कुटुमसरच्या मासोळीचे वैशिष्ट्य असे की तिचा हा प्रवास पुरा झालेला नाही. एखादीचे डोळे कातडीखाली पार बुजलेले, एखादीचे लहान पण शाबूत; एखादी फिकट, एखादीच्या अंगावर जुन्या पट्ट्यांची छाया. रायपूरच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी गुहेतल्या आणि बाहेरच्या मासोळ्यांच्या हालचालींची तुलना केली. या जातीचा मासा मधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो. हे घोट केव्हा केव्हा घेतले जातात यावरून त्याच्या अंगातले दिवस-रात्रीचे घड्याळ ओळखता येते. जिला दिवस कधी दिसलाच नाही, तिच्यातले हे घड्याळ पुरते थांबलेले त्यांना आढळले नाही. पत्नी हे सांगत होती तेव्हा आमचा वाटाड्याही लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी तो म्हणाला की, दरवर्षी पावसाळ्यात ओढ्याचे पाणी गुहेत भरते, आणि त्याबरोबर बाहेरचे मासे आत येतात. एका वाक्यात त्याने कोडे सोपे केले. प्रतिवर्षी डोळस पाहुणे या वस्तीत मिसळत असतील, तर वस्ती अर्धीमुर्धी आंधळी का राहिली याचा एक उलगडा होतो.

याच वेळी मागून दुसरी मंडळी आली. दहा-बारा जण, मोठ्याने हाका मारणारे. प्रतिध्वनी ऐकण्याची हौस सर्वांनाच असते. एकाने प्रखर दिवा डबक्यावर धरला आणि मासोळी दगडाआड गेली. दुसऱ्याने लोंबत्या सुळक्याला हात लावून तो ‘खरा’ आहे की काय याची खात्री करून घेतली. हाताचा तेलकटपणा दगडावर राहिला की पाणी तिथे नीट पसरत नाही आणि त्या जागेची वाढ खुंटते. अनेक सुळक्यांची टोके मोडलेली आम्हांला दिसली. मोडलेल्या जागी दगड आतून पांढरा आणि वर्तुळे असलेला दिसतो, झाडाच्या बुंध्यासारखा. कोणाच्या तरी घरच्या काचेच्या कपाटात तो तुकडा असेल. ओल गेल्यावर त्याची चमकही जाते, आणि उरतो तो चुन्याचा खडा.

परतीच्या वाटेवर आमचा वाद झाला. पत्नीचे म्हणणे स्पष्ट होते: ही गुहा लोकांना बंद करावी, निदान डबक्यांपुढचा भाग तरी. माणसाच्या श्वासातून वायू जातो, अंगातून उष्णता जाते, कपड्यांतून धूळ आणि तंतू जातात. तिने फ्रान्समधल्या लास्कोचा दाखला दिला. १९४० साली सापडलेली ती चित्रांची गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली, आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १९६३ मध्ये, भिंतींवर शेवाळ आणि क्षार चढू लागल्याने बंद करावी लागली. सतरा हजार वर्षांच्या आसपास जे टिकले ते पंधरा वर्षांच्या पाहुण्यांनी धोक्यात आणले. माझे म्हणणे कारभाऱ्याचे होते. बंद केलेल्या दारावर पहारा कोण ठेवणार? आज जो धुरवा तरुण आम्हांला घेऊन गेला, त्याची रोजी या गुहेवर आहे, आणि म्हणून सुळका मोडणाऱ्याचा हात धरण्याची हिंमतही त्याच्याच अंगी आहे. त्याने आमच्यादेखत तसा तो धरलाही. दार बंद केले की तो मजुरीला दूर कुठेतरी जाईल, आणि कुलूप तोडणारा रात्री येईल. एका वेळी किती माणसे जावीत याची मर्यादा कडक करावी, दिवे मंद असावेत, मोठ्याने बोलण्यास मनाई असावी; एवढे केले तरी पुष्कळ. “मासोळीला तुमच्या मर्यादा ठाऊक नाहीत,” ती म्हणाली. मी म्हणालो, “वाटाड्याला त्याच्या पोटाची ठाऊक आहे.” गाडीत पुढे बसलेला वाटाड्या, ज्याला आमचे अर्धे मराठी कळत होते, तो हसला. त्याने कोणाचीही बाजू घेतली नाही. हा वाद आमच्या घरी अजून चालू आहे.

गुहा सांभाळावी की नाही, या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि तिचा आपल्या महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध पोचतो. याच खोऱ्यातल्या दंडक नावाच्या गुहेतील एका स्तंभाचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी २००७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. युक्ती अशी की, पाण्यातल्या ऑक्सिजनचे अणू एकाच वजनाचे नसतात. काही किंचित जड असतात. पाऊस भरपूर पडला की त्या पाण्यात जड अणूंचे प्रमाण कमी भरते, पाऊस रोडावला की वाढते. तेच पाणी झिरपून स्तंभाचा थर बनते आणि ते प्रमाण त्या थरात कायमचे नोंदले जाते. थराचे वय काढायला युरेनियम उपयोगी पडते. ते पाण्याबरोबर थोडेसे येते. त्याच्या ऱ्हासातून होणारे थोरियम मात्र पाण्यात विरघळत नसल्यामुळे येत नाही. म्हणून थरात जे थोरियम सापडते ते बहुतांशी थर बनल्यानंतरचे. ते मोजले की काळ कळतो. अशा रीतीने सन ६०० पासून १५०० पर्यंतच्या नऊशे वर्षांच्या मध्य भारतातील पावसाची वही त्या एका दगडात वाचता आली. त्या वहीत चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या पूर्वार्धात पाऊस वर्षानुवर्षे दुबळा राहिल्याच्या खुणा आहेत.

आपल्याकडे ‘दुर्गादेवीचा दुष्काळ’ हे नाव परंपरेने चालत आले आहे. १३९६ पासून १४०७ पर्यंत बारा वर्षे दख्खन होरपळले, गावे ओस पडली, किल्ले आणि डोंगर पुंडांच्या हाती गेले, असे त्याचे वर्णन केले जाते. बारा हा आकडा आपल्या लोककथांना फार प्रिय. म्हणून हे वर्णन अतिशयोक्तीचे असावे, अशी शंका मला विद्यार्थिदशेपासून होती. एखाद्या दगडाने एखाद्या दुष्काळाची साक्ष वर्षागणिक दिली असे म्हणता येणार नाही. वयाच्या हिशेबात थोडे मागेपुढे होतेच. पण बखरी आणि दंतकथा ज्या काळाकडे बोट दाखवतात, त्याच काळात शेकडो मैल दूर, बस्तरच्या काळोखात, छतावरून पडणाऱ्या थेंबांत पाऊस कमी असल्याची नोंद होत होती. ज्यांनी ती उपासमार सोसली त्यांची नावे कुठेही नाहीत. त्यांच्यावरून निघून गेलेल्या कोरड्या ढगांचा हिशेब मात्र या दगडात राहिला. असा एक स्तंभ मोडून कपाटात ठेवणाऱ्याने आपण काय मोडले याची कल्पना केली असेल असे वाटत नाही.

पावसाळ्यात कुटुमसरची गुहा बंद असते. आत पाणी भरते, वाट नाहीशी होते, आणि वाटाडे आपापल्या शेतांवर भातलावणीला जातात. दिवाळीच्या सुमारास पाणी ओसरले की पायऱ्यांवरचा गाळ काढून दार उघडतात. ज्यांना जायचे असेल त्यांनी त्यानंतर, थंडीत जावे. रायपूरहून सडकेने, किंवा विशाखापट्टणमहून अरकूच्या घाटातून येणाऱ्या रेल्वेने जगदलपूर गाठता येते. बोर्राची गुहा याच लोहमार्गावर आहे. विजेरी मंद प्रकाशाची घ्यावी, आणि डबक्यापाशी पोचल्यावर ती थोडा वेळ मालवावी.